दोन दारांवरचं वाळवंट

लग्न होऊन डोणगावला आले, तेव्हा पहिले कित्येक दिवस मला वेळच कळत नसे. माहेरी वडील जलंब जंक्शनवर तारबाबू होते आणि स्टेशनाच्या मागेच आमची खोली होती. खामगावची गाडी सुटली की चूल पेटवायची, मेल धडधडत गेली की अंथरुणं घालायची, असं आमचं घर चाले. डोणगावात सगळं होतं, फक्त रूळ नव्हते. मोटारीनं मेहकर, तिथून खामगाव, तेव्हा कुठे इंजिनाची शिट्टी ऐकू यायची.

यजमान खामगावला कापसाच्या एका जिनात कारकून होते, सणावाराला येत. घरात आम्ही तिघंच, सासरे, सासूबाई आणि मी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे, सासूबाईंना आत्याबाई. मामाजींची ज्वारी-कपाशीची बरी शेती होती, आवाज मोठा होता आणि त्यांना नव्या वस्तूंचा भारी सोस. त्यांच्यासमोर मी नाकापर्यंत पदर घेऊन वावरायची. ते माझ्याशी बोलायचे ते आत्याबाईंच्या मार्फत आणि मी उत्तर द्यायची तीही त्यांच्याच मार्फत. आम्ही तिघं एकाच ओसरीवर असलो तरी हाच रिवाज.

एकदा बुलढाण्याचा कोणी साहेब विलायतेला परत जाणार म्हणून त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. मामाजी खुर्ची घ्यायला गेले आणि एक लाकडी पेटी घेऊन आले.

"खुर्ची आनाले गेले होते ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"खुर्चीत बसून काय कराचं? हे पाहा!"

पेटीत चावीची आगगाडी होती. हिरवं इंजिन, काही मालडबे, एक टाकीचा डबा, वाकडे आणि सरळ रूळ, आणि गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचे दोन सांधे. मी सैपाकघराच्या दारातून पाहतच राहिले. इंजिनाच्या पोटाखाली एक कळ होती. एका खास रुळावरून जाताना ती ओढली जाई आणि गाडी आपोआप थांबे. किती नीट केलं होतं सगळं!

मामाजींनी ओसरीवर गोल मांडला आणि चावी दिली. गाडी फिरायला लागली. गावातली माणसं बघायला आली, "वा वा" म्हणाली, आणि आठवडाभरात येईनाशी झाली. मग मामाजींनी गोलाच्या मध्ये डोंगर ठेवला. नदी केली, पूल केला, देऊळ आणलं, मातीचे बैल आणले, आत्याबाईंच्या गौरीपुढची बाहुली आणली. गाडी बैलाला धडकून उलटली. मामाजी पोत्यावर बसून तिच्याकडे बघत राहिले.

"हा तं घान्याचा बैल झाला," ते म्हणाले. मग आत्याबाईंकडे वळून, "इच्या बापाच्या घरी रात्रंदिवस गाड्या. इले विचार बरं, इथं काय चुकून राह्यलं?"

मी पाण्याचा तांब्या ठेवायला आले होते. हळूच म्हणाले, "आत्याबाई, मामाजींना विचारा, ही गाडी निघते कुठून आणि जाते कुठं?"

"ते विचारून राह्यली, गाडी कोठी जाते?"

"कोठी जाते म्हंजे? फिरते!"

माझ्या तोंडून थेटच निघालं, "फिरते ती चक्की, मामाजी. गाडी जाते."

बोलले आणि जीभ चावली. आत्याबाईंचा हात सुपातच राहिला. मामाजी उठले, चपला घातल्या आणि वाड्याच्या बाहेर पडले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आता माहेरी निरोप जाणार, वडिलांना बोलावून घेणार, असं काय काय मनात येऊन गेलं.

सकाळी ओसरीवर दणका झाला. गड्यानं कापसाच्या जुन्या कोठ्याची दोन दारं माळ्यावरून उतरवली होती. मामाजींनी ती लाकडी घोड्यांवर शेजारी शेजारी आडवी ठेवली, वरून हात फिरवला, आणि आत्याबाईंकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, बोल. कुठून कुठं न्याची गाडी?"

त्या घरात त्यांनी मला थेट विचारलेलं ते पहिलं वाक्य. माझं उत्तर तयार होतं. सगळी रात्र तेच केलं होतं मी.

रूळ थोडे होते आणि जागाही थोडी. नदी, गाव, घाट, शेतं दाखवायची तर प्रत्येकाला जागा हवी, आणि सगळं कोंबलं की काहीच खरं वाटत नाही. रिकामं दिसलं पाहिजे असं एकच ठिकाण मला सुचलं. वाळवंट! तिथे स्टेशनाशेजारी घर नसलं तरी कोणी विचारणार नाही. आणि वाळवंटातली गाडी कशासाठी, तेही ठरलं होतं. आमच्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागतं ते मचूळ. तसलं पाणी इंजिनाला पाजलं तर बॉयलर खराब होतो, हे वडिलांकडून ऐकलेलं. तेव्हा आमच्या लाइनीवर गोडं पाणी टाकीच्या डब्यातून वर न्यायचं. आणि लाइनीच्या शेवटी लोणारसारखं एक खारं तळं, तिथून मीठ भरून खाली आणायचं.

"पानी वर, मीठ खाली," मामाजी पुटपुटले. मग एकदम मांडीवर थाप मारली. "जमलं! नाव काय लाइनीचं?"

नावं त्यांनीच ठेवली. पाणी सगळं वर पाठवून टाकणारं म्हणून खालचं गाव निर्जळपूर, आणि वरचं खारतळं. मधलं स्टेशन मात्र मी मागून घेतलं. त्याचं नाव एकबाभूळ.

मी सारवलेल्या जमिनीवर रांगोळीनं आखणी केली. दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली धरून वळणं काढली, कारण रुळांची वाकण ठरलेली होती आणि ती दारांवर बसायलाच हवी होती. पहिल्या आखणीत एक कोपरा बाहेर गेला. पुसली. दुसरीत रूळ अगदी काठावर आले, गाडी घसरली तर खाली पडणार. तीही पुसली. तिसऱ्यांदा सगळी लाइन मी थोडी तिरपी फिरवली आणि ती बरोबर बसली. त्या तिरपेपणामुळे ती दाराच्या काठाशी समांतरही राहिली नाही, आणि बघताना वाटायला लागलं की ती दाराबाहेरून कुठून तरी येते आहे.

भांडण झालं ते सांध्यांवरून. मला दारांच्या मधोमध वाळूच्या टेकड्यांची उंच रांग हवी होती. पुढच्या बाजूला एकबाभूळ आणि उघडं रान. मागची बाजू, म्हणजे खारतळं, टेकड्यांआड, बघणाऱ्याला अजिबात न दिसणारी. आणि दोन्ही सांधे मागे.

"मागं?" मामाजींचा आवाज चढला. "सगळ्यात भारी वस्तू त्याच दोन हायेत, न् त्या लपवाच्या? काऊन?"

"मामाजी, मी लहानपणी गाडी जाताना बघायची. वळणापाशी ती दिसेनाशी व्हायची. नंतर ती कुठं कुठं जात असेल ते मी मनात बघायची. दिसायची त्यापेक्षा ती तिथंच जास्त लांब जायची."

मग मी पुढचं सांगितलं. टेकड्यांमागे दोन फाटे काढायचे. एकावर मिठानं भरलेले डबे आधीच उभे करून ठेवायचे. गाडी रिकामे डबे घेऊन मागे जाईल, थांबेल. मी रिकामे सोडवून दुसऱ्या फाट्यावर ढकलीन, भरलेले जोडीन, कळ सोडीन. गाडी पलीकडून बाहेर येईल ती मीठ घेऊन.

मामाजींनी डोळे मिटले. त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "सूनबाई," ते म्हणाले, "लोक येडे होतीन!"

त्या दिवसापासून मी पदर डोक्यावरच ठेवला, नाकापर्यंत ओढणं बंद झालं. कोणी तसं सांगितलं नाही. रुळांची फट बघायची तर डोळे उघडे लागतातच.

मामाजींचे एक जुने स्नेही होते, कापडाचे व्यापारी. हजला जाऊन आलेले, म्हणून सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणत. खरं वाळवंट आमच्या ओळखीत त्यांनीच पाहिलेलं. ते बघायला आले तोवर मामाजींनी माझ्या नकळत केरसुणीच्या काड्यांची खजुराची झाडं करून जागोजाग रोवली होती.

हाजीसाहेबांनी चष्मा पुसला. "इतकी खजुरं?"

"वाळवंट म्हनलं का खजूर आलाच ना!"

"अरे भाई, एवढी खजुरं असती तर त्याले रेगिस्तान कोन म्हनलं असतं? आम्ही दिवसभर उंटावर बसून एक झाड पाहून राह्यलो होतो, न् ते जवळ येता येईना!"

मामाजींनी निमूट खजुरं उपटली. एक बाभळीची काटकी तेवढी स्टेशनाजवळ राहिली. हाजीसाहेबांनी मग बोटानं वाळूवर बारीक लाटा ओढून दाखवल्या, वारा अशा काढतो म्हणाले. जाताना त्यांनी आपण होऊन एकबाभूळच्या पाटीवर उर्दू अक्षरं लिहून दिली. मराठी मी लिहिली होती. इंग्रजी मामाजींनी लिहिली आणि त्यात एक अक्षर उलटं पडलं, ते तसंच राहू दिलं.

आत्याबाई या सगळ्यापासून चार हात लांब होत्या. त्यांना ती दारं कुरडया-पापडांच्या वाळवणाला हवी होती. येता जाता म्हणायच्या, "म्हातारपनी खेळनं, न् सून त्याच्यात सामील." मी टेकड्या मातीच्या केल्या. वाळल्यावर त्यांना ही मोठी भेग पडली, आणि दार उचलायला गेले तर ते जागचं हलेना. मी रडकुंडीला आले होते. आत्याबाई पाठीमागे उभ्या होत्या, मला कळलंही नाही.

"मातीचे डोंगर कोन उचलन, बाई? टोपली कशाची करते आपन?"

कागदाच्या लगद्याची! भिजवलेले कागद आणि मेथी एकत्र कुटून आत्याबाई धान्याच्या टोपल्या करायच्या, पिसासारख्या हलक्या आणि पिढीभर टिकणाऱ्या. मामाजींच्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा त्यांनी विचारल्याशिवाय हौदात टाकला. दुसऱ्या दिवशी पदर खोचून बसल्या आणि उपडी घातलेल्या घमेल्यांवर, टोपल्यांवर लगदा थापायला लागल्या. मी एक टेकडी करी तोवर त्यांच्या तीन झालेल्या. त्यांच्या टेकड्यांना एका बाजूला सावकाश उतार आणि दुसऱ्या बाजूला कडा होता. हाजीसाहेब बघून म्हणाले, "भाभी कधी मक्केला गेल्या होत्या?" आत्याबाई दोन दिवस तेच बोलत होत्या.

पैनगंगेची बारीक वाळू मी पीठ चाळायच्या चाळणीनं चाळली आणि टेकड्यांवर, रुळांच्या कडेनं पसरली. दिसायला इतकं सुंदर झालं, की मामाजींनी शाळेच्या हेडमास्तरांना आणून दाखवलं. शाळेत लवकरच वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं आणि तहसीलदारसाहेब यायचे होते. हेडमास्तर म्हणाले, "हे आणाच." मामाजींनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

ते गेल्यावर आम्ही आनंदानं चावी दिली. इंजिन एकबाभूळपर्यंत आलं, कर्र कर्र आवाज केला आणि थांबलं. पुन्हा चावी दिली, चावी फिरेना. वाळू आत गेली होती! दातेरी चाकांना तेल, तेलाला वाळू.

मामाजींचा चेहरा उतरला. "सांगून टाकतो मास्तरले, नाई जमत म्हनून."

"नका सांगू," मी म्हणाले. "आधी उघडू या."

वडिलांना तारेचं यंत्र साफ करताना मी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांचा नियम एकच, निघेल त्या क्रमानं मांडून ठेवायचं आणि उलट्या क्रमानं बसवायचं. मामाजी चष्मा लावून मळसूत्रं, स्क्रू म्हणतात ती, काढत गेले, मी परातीत पांढऱ्या फडक्यावर ती ओळीनं ठेवत गेले. प्रत्येक चाक घासलेटमध्ये बुडवून पिसानं झाडलं. मग शिवणयंत्राचं तेल, काडीच्या टोकावर येईल तेवढंच. परत बसवताना एक मळसूत्र कमी पडलं आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते मामाजींच्या मांडीवर पडलेलं होतं, वरच्या टपाचं. तेही लागलं. चावी दिली. इंजिन माझ्या हातात गुरगुरायला लागलं, मांजरासारखं.

पण वाळू होती तशीच मोकळी होती. ती परत आत जाणार. आत्याबाईंनी सगळी वाळू झाडून घेतली. डिंकाचं पाणी केलं, ते टेकड्यांवर फडक्यानं फासून घेतलं आणि ओल्यावरच वाळू चाळली. वाळल्यावर वरून पुन्हा डिंकाचं पाणी शिंपडलं. बोटानं हाजीसाहेबांच्या लाटा ओढल्या त्याही त्यांनीच. पक्कं वाळल्यावर गड्याला म्हणाल्या, "उचल दार. उभं कर." गड्यानं उभं केलं. त्यांनी मागून दोन धपाटे घातले.

खाली सारवलेल्या जमिनीवर एक कण पडला नाही.

"आता चालवा तुमची गाडी," त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी बैलगाडीत दारं उभी बांधून नेली. शाळेच्या मोठ्या वर्गात मांडामांड केली. टेकड्यांमागे सतरंजीचा पडदा लावला होता, त्याच्या आत मी. बायामाणसानं पुरुषांच्या गर्दीत उभं राहायची चाल नव्हती, आणि मला तरी मागेच राहायचं होतं. हेडमास्तर घाईघाईनं आले.

"अहो, हे मीठ... तहसीलदारसाहेब येणार आहेत. मिठाचा अर्थ आजकाल वेगळा घेतात. त्याऐवजी साखर भरता का?"

"मीठ बाजारातून इकत आनलं, मास्तर," मामाजी म्हणाले. "सरकारचा कर भरेल हाये त्याच्यावर. साखर काय खाऱ्या तळ्यात पिकते काय?"

मीठच राहिलं. तहसीलदार आले, गर्दी आत घुसली. पडद्याच्या फटीतून मला फक्त पाय दिसत होते, जोडे, वहाणा, अनवाणी. मामाजींनी खणखणीत आवाजात निर्जळपूर ते खारतळं ही लाइन समजावून दिली. पाणी वर कसं जातं, मीठ खाली कसं येतं. चावी दिली. मग मला रुळावरून तो आवाज आला, जवळ येणारा, आणि हिरवं इंजिन टेकडीला वळसा घालून माझ्यापाशी आलं आणि त्या खास रुळावर थांबलं.

पडद्यापलीकडे जोडे करकरले, कोणी पुढे सरकलं.

"बंद पडली वाटते," कोणीतरी म्हणालं.

"थांबा बे!" मामाजी म्हणाले. "तळं काय इथं जवळ हाये?"

माझ्या बोटांना काम पाठ होतं. आकडा सोडवला. रिकामे डबे फाट्यावर. सांधा फिरवला. भरलेले जोडले. टाकीचं झाकण उघडून ठेवलं, पाणी उतरवलं हे दिसावं म्हणून. कळ सोडली. मिठानं भरलेली जड गाडी क्षणभर अडली, आणि मग निघाली, टेकडीच्या पलीकडून उजेडात गेली.

आधी एकच आवाज आला, "अरे, मीठ!" मग सगळी खोली ओरडली. बाकं सरकली, टाळ्या, शिट्ट्या. मागचे पुढच्यांना विचारत होते काय झालं, काय झालं. गाडी एकबाभूळला आली तशी मामाजींनी कळ ओढली आणि ती डौलात थांबली. तहसीलदारसाहेबांनी डब्यातला खडा उचलून जिभेवर ठेवला. "खरंच मीठ आहे हो," ते म्हणाले आणि हसले. "पण भरलं कुणी?"

मामाजी बोलले, आणि त्यांचा आवाज बाहेरच्या वडापर्यंत गेला असेल. "माह्या सुनेनं भरलं. अन् लाइनही तिनंच आखली. सगळी. मी फक्त चावी देतो." त्यांनी सतरंजी बाजूला केली. "ये सूनबाई, समोर ये."

मी पुढे आले. एवढ्या पुरुषांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते. मी पदर सावरला आणि वर पाहिलं.

"बाई, ही लाइन पाहिली कुठं?" तहसीलदारांनी विचारलं.

"कुठंच नाही," मी म्हणाले. "केली."

हाजीसाहेब मागून ओरडले, "वाह!" आणि पुन्हा टाळ्या झाल्या. आणखी कितीदा गाडी चालवली याची गणती नाही. आता पडदा काढून टाकला होता, तरी लोक थक्कच होत होते.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी खास बायकांसाठी वर्ग उघडा ठेवला. गावातल्या बाया आल्या, कडेवर पोरं, काही तर देऊळगावच्या वाटेवरच्या मळ्यांतून. आत्याबाई गाडीपाशी उभ्या राहून सांगत होत्या, "डोंगर माहे हायेत. हात लावून पाहा, वाळू नाई निंघत." चावी त्या स्वतः देत होत्या. आमच्या आळीतली एक म्हातारी, मेहकरच्या पलीकडे जन्मात न गेलेली, कितीतरी वेळ खाली वाकून डब्यात बघत राहिली. मग म्हणाली, "मले बसता येईन का वं याच्यात?"

कोणी हसलं नाही. आत्याबाईंनी कनवटीतून ज्वारीचा एक दाणा काढला आणि पहिल्या डब्यात ठेवला. "हे तू. बसली पाहा."

"न् मी?" दुसरी म्हणाली. तिच्या दाण्यावर कुंकवाचं बोट लावलं, ओळखू यावी म्हणून. मग तिसरी, मग सगळ्याच. लेकींचे दाणे ठेवले, लांब दिलेल्या बहिणींचे ठेवले, कुणी मावशीला बसवलं. डबे शिगोशीग भरले. मी आत्याबाईंना म्हणाले, आता ओझं फार झालं, चावी पुरी द्या. त्यांनी दात-ओठ खाऊन चावी दिली, कळ सोडली, आणि गावातल्या सगळ्या बाया घेऊन गाडी हलली. बाया तिच्याबरोबर मांडणीच्या कडेकडेनं चालायला लागल्या, मग धावायला लागल्या, आणि ती टेकडीमागे शिरली तेव्हा म्हातारीनं खऱ्या स्टेशनावर करतात तसा हात हलवला आणि मोठ्यानं म्हणाली, "निंघालो वं, बाई! आमी निंघालो!"